प्रोजेक्टरला घातलेला हार

रोझी, तू गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी आम्ही शाळेत तुझ्या प्रोजेक्टरला हार घातला. खरं तर तुझ्या फोटोला घालायचा होता, पण तुझा एकही धड फोटो निघाला नाही. सहलीचा एक सापडला, त्यात तू कॅमेऱ्याकडे पाठ करून पोरांना खाडीच्या बाजूला काहीतरी दाखवते आहेस. हेडमास्तर म्हणाले, पाठीला हार कसा घालायचा? मग शोकसभेच्या टेबलावर प्रोजेक्टर आणून ठेवला, त्याला झेंडूचा हार घातला, पुढ्यात उदबत्ती लावली. उदबत्तीची राख भिंगावर पडत होती आणि मी बसल्या जागी चुळबुळत होते. तू असतीस तर कुणाचंही भाषण चालू असताना उठून ती राख पुसली असतीस. मला मेलीला उठवलं नाही.

सगळे चांगलं बोलले. तू शिस्तीची होतीस, मनमिळाऊ होतीस, परधर्मीय असून आपल्यात मिसळून गेली होतीस, असं सगळं. तू किती भांडकुदळ होतीस ते कुणीच सांगितलं नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचं होतं, आणि शोकसभेत ते करता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आपण डोंबिवलीच्या त्या शाळेत एकाच जूनमध्ये रुजू झालो. तू कोलशेतची, भातशेती करणाऱ्या ख्रिस्ती घरातली, माझ्या बिऱ्हाडाशेजारी खोली घेऊन राहिलेली. मी कल्याणची, लग्न होऊन इथे आलेली. तू भूगोल शिकवायचीस, मी मराठी. पहिल्या आठवड्यात तू मला विचारलंस, "विमल, तू कवितेचा अर्थ सांगतेस की पोरांना धमकी देतेस? भिंतीपलीकडून कळत नाही." त्या दिवसापासून आपलं जमलं.

तो प्रोजेक्टर आला तेव्हा शाळेत वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. लाकडी खोक्यातून, भुशात बसून आलं ते यंत्र. सोबत फिल्मपट्ट्यांच्या गोल डब्या. सगळा स्टाफ भोवती उभा राहिला आणि सगळ्यांनी हात मागे बांधले, हे तूच मला नंतर करून दाखवायचीस. हेडमास्तर म्हणाले, "शाळेची मौल्यवान वस्तू आहे. जो हात लावील तो जबाबदार." झालं! एवढ्या एका वाक्यावर ते यंत्र कपाटात गेलं. गणिताचे बोडस सर तर त्या कपाटाला पाठ लागणार नाही अशा बेताने खुर्चीत बसायला लागले. तू दर आठवड्याला चावी मागायचीस आणि दर आठवड्याला हेडमास्तर म्हणायचे, "बघू, जरा निवांतपणी."

यंत्र बाहेर निघालं ते थेट खंडेनवमीला. शाळेतली सगळी हत्यारं पूजेला मांडली होती: बागेतली कुदळ, सुतारकामाच्या पटाशा, प्रयोगशाळेतला तराजू, शिपायाची घंटा आणि मधोमध पाटावर प्रोजेक्टर. हेडमास्तरांनी मोठ्या भक्तीने नेमकं त्याच्या भिंगावर हळदकुंकू लावलं. यंत्राचं तोंड तेच, मग टिळा तिथेच लागणार! वरून ओलं फूल चिकटवलं. तू पुढे झालीस आणि पदराने भिंग पुसून काढलंस.

मला तुझा तेव्हा इतका राग आला होता! तुला काय कळणार होतं की सणाच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसणं म्हणजे काय. आणि तुला सगळं कळत होतं, हेही मला ठाऊक होतं. दुपारपर्यंत शाळाभर झालं की ख्रिस्ती बाईंनी कुंकू पुसलं. मधल्या सुट्टीत तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, तिथे मी येऊन बसले आणि बसल्या बसल्या तुला झापलं. तू डबा उघडत म्हणालीस, "अगं, डोळ्यात कुंकू गेलं तर तू पुसणार नाहीस का?" मी म्हटलं, "तो डोळा नाही, यंत्र आहे." तू म्हणालीस, "मग यंत्राची पूजा कशाला?"

मग दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याला शिक्षकांसाठी वर्ग भरला. असली साधनं वर्गात कशी वापरायची, याचा. हेडमास्तरांनी तुझं नाव पाठवलं ते सुट्टीतही तू चावी मागायला येऊ नयेस म्हणून, आणि बोडसांचं पाठवलं ते तुझ्यावर नजर ठेवायला. मी आपणहून आले. नवऱ्याला सांगितलं की सक्तीचं आहे.

पहिल्या दिवशी शिकवणारे गृहस्थ काय म्हणाले, आठवतं? "आज कुणीही काहीही बरोबर करायचं नाही. सुचतील तेवढ्या चुका करा." चाळीस-पन्नाशीची मास्तरमंडळी एकमेकांकडे बघायला लागली. आयुष्यभर चुकांवर लाल रेघ मारलेली माणसं ती. कुणी उठेना. शेवटी तू बोडस सरांना कोपराने ढोसलंस. त्यांनी उठून पट्टी सरकवली आणि भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा आला तो कन्याकुमारी वर आणि हिमालय खाली. बोडस सर आधी घाबरले, मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. त्या माणसाला मी त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांच्या आधी येऊन विचारायचे, "माझा नंबर कधी?" पट्टी अडकली तर कशी सोडवायची, बल्ब थंड होईपर्यंत का थांबायचं, सगळं ते आम्हालाच सांगायला लागले. मीही शिकले. डोळे मिटून पट्टी लावून दाखवण्याची पैज मी तुझ्याशी जिंकले होते, हे तू कुणाला सांगितलं नाहीस.

शाळा उघडल्यावर तू हेडमास्तरांकडे हट्ट धरला नाहीस. फक्त एक चित्र बघा म्हणालीस. खोलीत अंधार केला, आणि यंत्र सुरू करायच्या आधी माझ्याकडे वळून माझ्या कपाळावरचं थोडं कुंकू बोटाने उचललंस आणि भिंगाला लावलंस. भिंतीवर नकाशा उमटला, त्यावर एक भलामोठा काळपट डाग. निम्मा देश त्याखाली गडप. हेडमास्तर म्हणाले, "हे काय झालं?" तू म्हणालीस, "सर, खंडेनवमीचं कुंकू." ते उठले, उपरण्याचं टोक हातात घेतलं आणि स्वतः भिंग पुसलं. अगदी हळू, कोपऱ्यातलंसुद्धा. यापुढे खंडेनवमीला टिळा खोक्याला लावायचा, यंत्राला नाही, असं त्यांनीच ठरवलं. त्या दिवशी मला हेडमास्तर आवडले आणि तू तर फारच आवडलीस. सांगायचं राहून गेलं.

मास्तर तयार झाले, पण पोरं तयार नव्हती. पहिल्या तासाला अंधार केला मात्र, आठवीच्या वर्गाने तंबूतला सिनेमा समजून शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या. दोघं तर भिंतीमागे कोण आहे ते बघायला वर्गाबाहेर पळाले. बोडस सर म्हणाले, "बंद करा हे, पोरं बिघडतात." तू मात्र सगळ्या खिडक्या उघडल्यास. पुढचे कितीतरी तास यंत्र उजेडात ठेवलंस आणि एकेकाला बोलावून पट्टी हातात दिलीस, खिडकीशी धरून बघायला लावलीस. मग नियम केलास. चित्र येण्याआधी काय दिसेल ते पोरांनी सांगायचं. चित्र फार वेळ ठेवायचं नाही. आणि ते विझलं की तू गप्प बसायचीस. "चित्र विझलं की तास सुरू होतो," असं तू म्हणायचीस. पहिले काही दिवस त्या अंधारात नुसती खुसफुस व्हायची. मग एक प्रश्न आला, मग दोन.

दिवा गावाहून येणारी हिरा तुला आठवायला सांगायला नको. घरी मासळीचा धंदा, वर्गात शेवटच्या बाकावर, तोंडातून शब्द नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचं चित्र विझलं आणि मागून आवाज आला, "बाय, यांचे मावऱ्यावर माशा नाय बसत?" वर्ग हसला. तू हसली नाहीस. तू तिच्याच बोलीत तिला म्हणालीस, "बसत नाय गो. का नाय बसत, तूच सांग." आणि त्या एका माशीवरून तू थंडी, वारा, समुद्राचे प्रवाह, सगळं त्या पोरीच्या तोंडून काढून घेतलंस. मी दाराशी उभी होते. मला अजूनही वाटतं की चांगला मास्तर असला तर नुसत्या शब्दांनीही भागतं. पण हिराच्या तोंडून असा प्रश्न माझ्या तासाला कधी आला नव्हता, हे खरं आहे.

हळूहळू सगळी शाळाच बदलली. चावी स्टाफरूममधल्या खिळ्यावर लटकायला लागली. बोडस सर भूमितीच्या आकृत्या काचेवर काढून भिंतीवर टाकायला लागले. एकदा पट्टी फाटली तेव्हा ते स्वतः हेडमास्तरांकडे गेले आणि म्हणाले, "माझ्याकडून फाटली, मीच चिकटवलीय." हेडमास्तर "बरं" एवढंच म्हणाले. तू मला चिमटा काढलास.

आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. तू म्हणालीस, "बघ, शिकवायचं यंत्र नव्हतंच मुळी. भीती काढायची होती. एकदा गेली की भीती परत येत नाही."

मी म्हटलं, "येते."

"कशी येईल? बोडस सर आता विसरणार आहेत का पट्टी लावायला?"

"विसरणार नाहीत. तरी येईल. तू शेजारी उभी असतेस म्हणून ती लांब आहे."

तू चिडलीस. तुला वाटलं, मी स्तुतीच्या आडून तुझं काम मोडीत काढते आहे. तू म्हणालीस, "मग माझ्याकडून काहीच झालं नाही म्हण ना. मी गेले की सगळं होतं तसं होणार असेल तर मी नुसती बल्ब बदलत बसले." मी म्हटलं, असं नाही गं. तू म्हणालीस, "असंच बोललीस तू." तुझ्या अंगात तेव्हाच कणकण होती. पेपर गोळा करून उठलीस आणि म्हणालीस, "घरी जाऊन येते, मग बघते तुझ्याकडे." कोलशेतला गेलीस ती आली नाहीस.

तुझ्या घरी मी पहिल्यांदाच आले ती तुला पोचवायला. तुम्ही देऊळ म्हणता त्या चर्चमधून परत आल्यावर तुझ्या आईने मला शेजारी बसवून घेतलं. मग तिने विचारलं, "बाय, तिची ती चित्रांची पेटी आता कोन चालवेल गो?" मी म्हटलं, "आम्ही सगळे चालवू." तिने माझा हात धरून ठेवला. रोझी, मी तिला खोटं बोलले नाही. बोलताना मला खरंच तसं वाटत होतं. आपलं भांडण तू जिंकावंस, तू बरोबर ठरावीस, एवढंच तुझ्यासाठी करण्यासारखं उरलं होतं.

शोकसभा झाल्यावर प्रोजेक्टरचा हार निघाला, पण प्रोजेक्टर वर्गात आला नाही. हेडमास्तरांनी सुताराला बोलावून काचेचं कपाट करायला सांगितलं. तुझ्या नावाची पितळी पट्टी त्यावर बसणार आहे. मी चावी मागायला गेले.

"लेलेबाई, ती वस्तू आता निराळी झाली," ते म्हणाले.

"सर, वस्तू तीच आहे. तिला वर्गात न्यायला हवं."

"आत जो बल्ब आहे ना, तो रोझीबाईंनी स्वतः लावलेला. तो तुमच्या हातून उडाला तर तुम्हाला कसं वाटेल?"

मी म्हटलं, "दुसरा लावीन." पण माझा आवाज खाली गेला, आणि ते त्यांनाही कळलं. त्यांचे डोळे भरले होते गं. वाईट माणूस असता तर मी भांडले असते. ज्याने आपल्या उपरण्याने भिंग पुसलं होतं, तोच माणूस तुझ्यावरच्या मायेने आता काच लावून ते बंद करत होता. त्याच्याशी कसं भांडायचं, हे तू मला शिकवलं नाहीस.

बोडस सरांना म्हटलं, तुम्ही तरी चला माझ्याबरोबर. ते म्हणाले, "मला सगळं येतं हो. पण त्यांच्या माघारी त्यांची वस्तू माझ्या हातून बिघडली, असं व्हायला नको." आणि हात मागे बांधले. तेच हात, रोझी.

तरी मी हटले नाही. रोज जाऊन हेडमास्तरांच्या टेबलाशी उभी राहिले. कपाट तयार होईपर्यंत एक तास घ्या, असं ते शेवटी म्हणाले. तो तास आज झाला.

आठवीचाच वर्ग घेतला. नॉर्वेचीच पट्टी लावली. माझे हात मागे गेले नाहीत, हे तुला सांगायलाच हवं. खिडक्या लावून मी विचारलं, "काय दिसेल आता?" कुणी बोललं नाही. मी चित्र टाकलं. चित्र स्वच्छ आलं, बल्ब उडाला नाही, पट्टी अडकली नाही. सगळी मुलं हाताची घडी घालून ताठ बसली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने चित्राला नमस्कार केला, तिचं बघून शेजारचीने केला. मी चित्र विझवलं आणि तुझ्यासारखी गप्प बसले. अंधारात कुणीतरी रडत होतं, बाकी काही नाही. मी वाट बघितली. मग पुन्हा चित्र टाकलं, पुन्हा विझवलं. शेवटी मलाच राहवेना, मी बोलायला लागले: नॉर्वे कुठे आहे, तिथे थंडी किती, मासळी कशी वाळवतात. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की अंधारातही पोरं वह्या काढून उतरवून घेताहेत. मी खिडक्या उघडल्या.

घंटा झाल्यावर मुलं एकामागून एक बाहेर गेली. जाताना प्रत्येकाने प्रोजेक्टरला हात लावून तो छातीला लावला. तू गेल्यावर महिन्याच्या आत तुझी पोरं अशी झाली. तू त्यांना शिट्ट्या मारण्यापासून प्रश्न विचारण्यापर्यंत आणलं होतंस, आणि ती पुन्हा शिट्ट्या मारायला लागली असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं. निदान तिथून पुन्हा सुरू करता आलं असतं. ही इतकी शहाणी झालेली पोरं कुठून हलवायची, मला कळत नाही.

हिराला मी थांबवून घेतलं. तिचे दोन्ही खांदे धरले आणि म्हटलं, "हिरा, तू तरी विचार गं काहीतरी. काहीही विचार. मी रागावणार नाही."

मला मदत करायची तिची फार इच्छा होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाली, "बाई, काय विचारायचं ते तुम्ही सांगा. मी उद्या पाठ करून येते."

मी चावी हेडमास्तरांना देऊन आले. रोझी, त्या भांडणात मला हरायचं होतं गं.